भिवंडी परिसरातील सायकलमार्ग

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागाच्या शहराभोवतीचे, रस्त्यावरील सायकलस्वारीस सोयीचे मार्ग. शहरातील वऱ्हाळा तलावापासून निघून वाडा रस्त्याने उत्तरेस अंबाडीपर्यंत जाता येते. तेथून पश्चिमेस वळणारा रस्ता भातखाचरे आणि हलक्या चढउतारांमधून तानसा नदीच्या खोऱ्यात वज्रेश्वरीस पोहोचतो. 1739 मधील वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी येथील देवीचे मंदिर बांधविले. दगडी पायऱ्या व नगारखाना यांमुळे ते किल्ल्यासारखे भासते. जवळच अकलोली व गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत.

दुसरा, लहान मार्ग कल्याणच्या बाजूस लोनाडकडे जातो. तेथे टेकडीत कोरलेली लेणी व प्राचीन शिवमंदिर आहे. लांब पल्ल्यासाठी शहापूर तालुक्यातील तानसा जलाशय गाठतात. 1892 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणातून आजही मुंबईला पाणी मिळते. भोवती अभयारण्य आहे.

पावसाळ्यानंतर, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गोदामांमुळे नाशिक महामार्गावर व वाडा रस्त्यावर कंटेनरची वर्दळ मोठी असते, म्हणून पहाटे उजाडताच निघावे. शिरस्त्राण व मागील लाल दिवा अवश्य वापरावा.