पराटीचा हप्ता

परवा गाडीच्या विम्याचा मेल आला. सलग पाच वर्षं क्लेम नाही, म्हणून गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट. खुशीत मोठेबाबांना फोनवर सांगितलं. त्यांची शेती हिंगणघाट तालुक्यात, त्यातलं एक वावर नाल्याकाठी. ते म्हणाले, "तुह्या गाडीचा हिशेब तुह्या नावानं, आन् माह्या पराटीचा साऱ्या मंडळाच्या नावानं. हा कोनता न्याय रे?"

मला उत्तर देता येईना. एका वर्षी पाणी साचून त्यांची पराटी पिवळी पडली होती. निम्माही कापूस घरात आला नाही. पण महसूल मंडळाची सरासरी बरी निघाली, म्हणून भरपाई शून्य! तो राग अजून गेलेला नाही.

मग जरा वाचायला बसलो. गंमत म्हणजे मोठेबाबांना हवा तसा, ज्याच्या त्याच्या वावराचा विमा आपल्या देशात आधी करून झालाय. आणि तोही कापसाचाच! १९७२ साली गुजरातेत एच-४ कापसावर तो सुरू झाला, पुढे महाराष्ट्रासह आणखी काही राज्यांत गेला. १९७८-७९ पर्यंत चालला. शेतकरी ३,११०, जमा हप्ता ४.५४ लाख रुपये आणि दिलेली भरपाई ३७.८८ लाख. म्हणजे रुपयाला आठ रुपयांहून जास्त!

असं का झालं असावं? गाडी वर्कशॉपात उभी करून तपासता येते. वावर कसं तपासणार? कोणत्या वावरात दरवर्षी किती पिकलं याची नोंदच नसते. शिवाय ज्याचं वावर नाल्याकाठी, तोच आधी विमा काढणार.

यावर तोड सुचवली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकरांनी. हो, नीलकंठ रथांबरोबर दारिद्र्याचा अभ्यास करणारे तेच. त्यांचं म्हणणं, सारखी जमीन-पाऊस असलेला टापू घ्या, पीककापणीचे प्रयोग करा, सरासरी घसरली तर सगळ्यांना भरपाई द्या. यात एक न्यायही आहे बरं का. जो जास्त राबतो त्याचं जास्तीचं पीक त्याचंच राहतं आणि वर भरपाईही मिळते. १९७९ ची प्रायोगिक योजना याच विचारावर उभी राहिली.

१९८५ ला देशभराची योजना आली. हप्ता ज्वारीला २ टक्के, तुरीला १ टक्का. कापूस? यादीतच नाही! वर्धेच्या शेतकऱ्याचं मुख्य पीकच बाहेर. १९९९-२००० च्या नव्या योजनेत नगदी पिकं आली, पण त्यांचा हप्ता जोखमीच्या हिशेबानं. २०१६ पासून सोयाबीनला जास्तीत जास्त २ टक्के आणि कापसाला ५. वरचा भार केंद्र-राज्य सरकारवर. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपात सगळ्यांना एक रुपया झाला, २०२५ च्या खरिपापासून पुन्हा २ आणि ५.

म्हणजे कापसाला जास्त हप्ता का, तर ते 'नगदी पीक' म्हणून. कोरडवाहू पराटीवाल्याच्या हातात किती नगद उरते हे आमच्याकडे कुणालाही विचारा.

रविवारी मोठेबाबांना हे सगळं सांगितलं. म्हटलं, "गाडीसारखा हिशेब लावला तर नाल्याकाठच्या वावराचा हप्ता तुम्हाला झेपणार नाही. आज तुमची जोखीम सारं मंडळ वाटून घेतंय."

बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं बाप्पा, वाटून घेऊ. पन मंग माहं वावर बुडालं तवा मंडळ कुठी होतं?"

याचं उत्तर मात्र मला वाचूनही सापडलं नाही. टापू जितका लहान, तितका न्याय जवळ येतो आणि तितके कापणीचे प्रयोग वाढतात, खर्च वाढतो. तो खर्च करायला हवा असं मला आता वाटतं. आणि ५० टक्के सुटीची ती खुशीही जरा कमीच झाली.

असो.