पिंपरी कॅम्पातील बाजार
'कॅम्प' म्हटले की पुणेकरांस गोऱ्या पलटणीची छावणी आठवते. पिंपरीचा कॅम्प मात्र १९४७ च्या फाळणीत सिंध सोडून आलेल्या निर्वासितांचा. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला. तेव्हा कारखान्यांनी हा बाजार वसविला, हे म्हणणे आम्हांस अर्धेच खरे वाटते. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मध्ये चिंचोळी गल्ली. यास वास्तुकला कोणी म्हणणार नाही. पण सर्वस्व गमावलेल्यांची निकड या रचनेत दिसते. नाताळचे कापड येथून घेताना, मिसर देशी परागंदा झालेले पवित्र कुटुंब आम्हांस आठवते. सिंध पाहिलेले मोजकेच लोक आता हयात आहेत. त्यांच्या गावांची नावे कोणी टिपून ठेवील काय?