अकालजात अर्भकाच्या श्वसनसाहाय्याचे पूर्वानुमान

गर्भधारणेचे ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकास अकालजात अर्भक म्हणतात. अशा अर्भकास स्वतःच्या बळावर श्वास घेता येईल, की ऑक्सिजन, सतत दाबाची हवा वा कृत्रिम श्वसनयंत्र यांची मदत लागेल, याचा वेळीच अंदाज घेण्यास श्वसनसाहाय्याचे पूर्वानुमान म्हणतात.

या शास्त्राचा आरंभ साध्या निरीक्षणातून झाला. १९५६ मध्ये विल्यम सिल्व्हरमन व डोरोथी अँडरसन यांनी छातीच्या वरच्या भागाची हालचाल, बरगड्यांमधील भाग व उरोस्थीचे टोक आत ओढले जाणे, नाकपुड्या फुलणे आणि कण्हणे या पाच लक्षणांना प्रत्येकी ० ते २ गुण देण्याची पद्धत मांडली. बेरीज जितकी अधिक, तितका श्वसनाचा त्रास गंभीर. तिला कोणतेही उपकरण लागत नसल्याने ती आजही वापरात आहे.

या त्रासाचे मूळ १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी उलगडले. फुप्फुसातील वायुकोशांचा पृष्ठताण कमी करणारा पदार्थ अपुऱ्या दिवसांच्या अर्भकात पुरेसा नसतो. त्यामुळे प्रत्येक उच्छ्वासाबरोबर वायुकोश मिटतात. तथापि उपाय हाती नव्हता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा १९६३ मध्ये दोन दिवसांतच याच विकाराने दगावला.

१९७१ मध्ये लुई ग्लक यांनी गर्भजलातील लेसिथिन व स्फिंगोमायलीन यांच्या प्रमाणावरून फुप्फुसांची परिपक्वता जन्मापूर्वीच अजमावता येते, असे दाखविले. त्याच वर्षी जॉर्ज ग्रेगरी यांनी सतत दाबाच्या हवेचा उपचार प्रसिद्ध केला. १९७२ मध्ये न्यूझीलंडमधील लिगिन्स व होवी यांनी मातेस स्टेरॉइड दिल्यास अर्भकाचा श्वसनविकार घटतो, असे सिद्ध केले. १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारा यांनी फुप्फुसातील उणा पदार्थ बाहेरून देऊन पाहिला. अशा रीतीने पूर्वानुमान हे केवळ भाकीत न राहता उपचाराची पहिली पायरी ठरले.

मात्र या उपचाराला गर्भाच्या वयाची अचूक माहिती लागते. बेळगाव व नागपूर येथील ग्रामीण भागांचा समावेश असलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय चाचणीत स्टेरॉइडच्या व्यापक वापराने अल्पवजनी अर्भकांचे मृत्यू घटले नाहीत. एकूण नवजात मृत्यू उलट वाढले. औषध मिळालेल्या अनेक स्त्रिया प्रत्यक्षात पूर्ण दिवसांनी प्रसूत झाल्या होत्या. याउलट, सोनोग्राफीने दिवस निश्चित करून व सुसज्ज रुग्णालयांत केलेल्या २०२० मधील चाचणीत मृत्यू घटले. त्या चाचणीतही भारत सहभागी होता.

नाशिक जिल्ह्यात या प्रश्नाची व्यावहारिक बाजू ठळकपणे दिसून आली. २०१७ च्या ऑगस्ट महिन्यात नाशिक येथील जिल्हा रुग्णालयाच्या विशेष नवजात काळजी कक्षात ५५ अर्भके दगावली. अकाली जन्म, श्वसनाची दुर्बलता आणि अर्भके अखेरच्या अवस्थेत दाखल होणे, ही कारणे रुग्णालयाने दिली. एकेका इन्क्युबेटरमध्ये एकाहून अधिक अर्भके ठेवावी लागत असल्याचेही तेव्हा उघड झाले. सुरगाणा, पेठ यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतून शहर गाठताना लागणारा वेळ अशा अर्भकास परवडणारा नसतो.

म्हणून येथे पूर्वानुमानाचा खरा उपयोग प्रसूतीपूर्वीच आहे. धोका ओळखून मातेस श्वसनयंत्र असलेल्या रुग्णालयात आधीच हलविल्यास अर्भकाचा प्रवास मातेच्या उदरातच, सर्वांत सुरक्षित रीतीने होतो. २०१४ मध्ये केंद्र शासनाने अकाली प्रसूतिवेदना सुरू झालेल्या स्त्रीस पुढे पाठविण्यापूर्वी डेक्सामेथासोनची पहिली मात्रा देण्याची अनुमती प्रशिक्षित परिचारिकांना दिली, ती याच हेतूने. मात्र पाठविलेल्या मातेसाठी खाट व अर्भकासाठी यंत्र मोकळे नसेल, तर अचूक पूर्वानुमानही निष्फळ ठरते.