काचेने अडवलेले ऊन

बिअर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, कुंपणाच्या खांबावर चढून तासन्‌तास ऊन खाणारा सरडा. त्याला पेटीत सांभाळायचे, तर ते ऊनही पेटीत आणावे लागते. माणसाला ही विद्या साधायला शंभर वर्षे लागली.

लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८२९ च्या सुमारास बंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवला आणि त्यातल्या ओलसर मातीत नेचा उगवला. त्यातून काचेच्या पेट्यांचे वेड इंग्लंडभर पसरले. १८४९ मध्ये लंडन प्राणिसंग्रहालयाने सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र घर उघडले. तिथे ऊब देता येत होती, पण उन्हातला एक अदृश्य भाग काचेबाहेरच राहत होता आणि त्याचे महत्त्व तेव्हा ठाऊक नव्हते.

त्याचा सुगावा लागला मुलांच्या आजारातून. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश सोडला आणि त्यांची हाडे सुधारली. उन्हातला तो अदृश्य भाग म्हणजे अतिनील-ब किरण. त्यांच्यामुळे त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या आधाराने शरीर कॅल्शियम शोषून घेते. सरड्याचेही तसेच. हे किरण मिळाले नाहीत, तर जबडा मऊ पडतो, पाय वाकतात.

हे ज्ञान इमारतीत उतरवले जोन प्रॉक्टर यांनी. सतत आजारी असणाऱ्या या संशोधिकेच्या आराखड्यावर लंडन प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचे नवे घर बांधले गेले आणि १९२७ मध्ये ते खुले झाले. प्रत्येक दालनात विजेची वेगवेगळी ऊब, प्रेक्षक अंधारात आणि प्राणी उजेडात, शिवाय अतिनील किरण आत येऊ देणारी ‘व्हिटा-ग्लास’. योगायोग असा, की एर्न्स्ट आल यांनी बिअर्डेड ड्रॅगनच्या आज सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या जातीचे शास्त्रीय वर्णन १९२६ मध्येच केले होते.

पुढे अतिनील-ब देणाऱ्या ट्यूब बाजारात आल्या आणि प्रॉक्टर यांची रचना घरच्या सुताराच्या आवाक्यात आली. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि तितकीच उंच प्लायवूडची पेटी, पुढे सरकत्या काचा, हवेसाठी झरोके. एका टोकाला सपाट दगड आणि त्यावर बल्ब. दगडाचा पृष्ठभाग ४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, दुसरे टोक २५ अंशांजवळ राहते. सकाळी सरडा पाठ गडद करून दगडावर चपटा पसरतो. अंग तापले की रंग उजळतो, तोंड उघडे राहते आणि मग तो थंड टोकाकडे सरकतो.

ट्यूब बल्बच्याच बाजूला, पेटीच्या आत लावतात, कारण मध्ये काच आली की अतिनील-ब अडते आणि बारीक जाळीही त्यातला बराच भाग खाते. ट्यूबचा दिसणारा उजेड शाबूत असतानाच तिचे अतिनील किरण क्षीण होत जातात. म्हणून जाणते पाळणारे ट्यूबवर बसवल्याची तारीख लिहून ठेवतात किंवा मीटरने किरण मोजून ती बदलतात.