आजारी पत्त्याचे प्रवासी

फेब्रुवारी १८९७. तुम्ही मुंबईत, मांडवीच्या एका गल्लीत उभे आहात. नाकात आधी कार्बोलिकचा उग्र दर्प शिरतो. समोरच्या चाळीच्या भिंतीवर लाल वर्तुळ काढलेलं आहे, शेजारी दुसरं, त्याच्या खाली तिसरं. एक वर्तुळ म्हणजे त्या घरातला एक मृत्यू. मागच्या सप्टेंबरात याच वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी रोगी तपासून प्लेगचं निदान केलं. तेव्हापासून शहर रिकामं होत चाललंय. जवळपास निम्मी मुंबई गावाकडे पळाली आहे. तुम्हाला मात्र समुद्रापलीकडे जायचंय. खिशात एडनचं तिकीट आहे.

गोदीवर रांग लागलेली आहे. डॉक्टर तुमची जीभ बघतो, नाडी धरतो, हात वर करायला लावतो आणि काखेत बोटं दाबून गाठ चाचपतो. मग जांघेत. चारचौघांत. बायकांच्या रांगेतून कुजबूज येते, तिचा सूर रागाचा आहे. तुम्हाला ताप नाही, गाठ नाही, डॉक्टर मान हलवतो. तुम्ही हात पुढे करता, म्हणजे काही चिठ्ठीचपाटी मिळेल म्हणून. काही मिळत नाही. या काळात आरोग्याचा कागद माणसाकडे नसतो, बोटीकडे असतो. कप्तानाच्या पेटीतल्या त्या आरोग्यपत्रात बंदराची अवस्था लिहिलेली असते: मुंबईत प्लेग आहे. झालं. तुम्ही ठणठणीत असलात तरी पुढच्या प्रत्येक बंदरात तुमची बोट संशयित. पिवळं निशाण लावून ताटकळायचं आणि किनारा लांबून बघायचा.

शेजारी हजला निघालेल्या यात्रेकरूंचा एक जथा गाठोड्यांवर बसून आहे. त्यांना तर तपासायचीही गरज उरलेली नाही. यंदा मुंबईहून हजच्या बोटी सुटणार नाहीत, असा हुकूम निघालाय.

हे सगळं कोण ठरवतंय? ४ फेब्रुवारीला सरकारने साथरोग कायदा केला. इनमिन चार कलमांचा कायदा, पण त्यात रेल्वेचे उतारू तपासायचे, बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी अडवायच्या, निघालेल्या माणसाला थांबवून ठेवायचं, असे सगळे अधिकार आले. त्याच महिन्यात तिकडे व्हेनिसमध्ये युरोपातल्या सरकारांचे प्रतिनिधी परिषदेला जमलेत. मुंबईचा प्लेग आपल्या दारात येऊ द्यायचा नाही, हा त्यांचा विषय. मार्चमध्ये करार होईल. मुंबईचा माल युरोपने नाकारला तर काय, ही चिंता इंग्रज सरकारला रोगाइतकीच आहे.

इथून फार लांब नाही, भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारीला स्वतःच्या अंगात प्लेगची नवी लस टोचून घेतली. पुढच्या काही वर्षांत ही लस घेतलेल्यांना दाखला मिळू लागेल आणि तो दाखवला की सक्तीच्या विलगीकरणातून सूटही मिळेल. बोटीच्या पेटीतला कागद माणसाच्या खिशात यायला सुरुवात झाली ती अशी.

आता सत्तर वर्षं पुढे चला. १९६७. सांताक्रूझ विमानतळ, बाहेर हार घेऊन आलेली पन्नास माणसं आणि आत एअर इंडियाचं बोइंग ७०७. तुम्ही डॉक्टर आहात, इंग्लंडातल्या इस्पितळात नोकरीला निघाला आहात. पासपोर्टच्या आत एक पिवळी पुस्तिका आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ साली सगळ्या देशांसाठी एकच नियमावली केली, त्यातून हा सगळीकडे चालणारा दाखला आला. दंडावर देवीची लस टोचलेली जागा अजून खाजते आहे. पुस्तिकेतले नियम तुम्हाला पाठ आहेत. देवीची लस पहिल्यांदा घेतली तर दाखला आठ दिवसांनी लागू होतो आणि तीन वर्षं चालतो. पटकीचा मात्र सहाच महिने. खिडकीमागचा अधिकारी तुमच्या दंडाकडे बघत नाही. पानं उलटतो, सही बघतो, आणि मग बोट एका जागी टेकवतो: मान्यताप्राप्त शिक्का. तो नसेल तर व्रण दाखवून उपयोग नाही. तुम्ही स्वतः डॉक्टर आहात, शेकडो लोकांना ही लस टोचली आहे, तरी तुमच्या शब्दाला तिथे किंमत शून्य. शिक्का आहे. तुम्ही सुटता.

१९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. पिवळी पुस्तिका पुढे उरली ती मुख्यतः पीतज्वरासाठी, आणि तिथे दरवाजा अडवून उभे आहोत आपण. पीतज्वर भारतात नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे. म्हणून केनियाहून परतलेल्या माणसाकडे दाखला नसेल, किंवा लस घेऊन दहा दिवस झालेले नसतील, तर भारत त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतो. त्याला ताप आहे की नाही हा प्रश्नच नसतो. तो कुठून आला, एवढंच बघतात.

आता २०२१. तुम्ही तेवीस वर्षांचे, राहायला हडपसरला, लंडनच्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला. कोरोनाच्या लशीचा पहिला डोस झालाय, पण दोन डोसांमध्ये ८४ दिवसांचं अंतर ठेवायचंय आणि तेवढे दिवस हातात नाहीत. ७ जूनला केंद्राचा नियम येतो: परदेशी शिकायला, नोकरीला किंवा टोकियो ऑलिंपिकला जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस घेता येईल, दाखल्यावर पासपोर्ट क्रमांक घालता येईल. तुम्ही प्रवेशाचं पत्र आणि पासपोर्ट घेऊन रांगेत उभे राहता, डोस घेता, रात्री लसीकरणाच्या कोविन या सरकारी संकेतस्थळावरून दाखला उतरवता आणि तिथे पहिली ठेच लागते. आधारवर तुमचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर आडनाव आधी, वडिलांचं नाव गायब. दुरुस्तीची सोय आहे, पण एकदाच. तुम्ही प्रत्येक अक्षर तीनदा वाचून मग बटण दाबता. बटण दाबताना घरातले चौघे मोबाईलभोवती उभे असतात.

दुसरी ठेच मोठी आहे. तुमच्या दंडात गेलेली कोविशिल्ड तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. हीच लस ब्रिटनमध्ये तेव्हा ॲस्ट्राझेनेकाच्या नावाने देत होते, सीरमने बनवलेले ५० लाख डोस ब्रिटनने स्वतः मागवून घेतले. तरी सप्टेंबरात ब्रिटन म्हणतं, लस मान्य आहे, दाखला नाही. तुमच्या दाखल्यावर जन्मतारीख पूर्ण नाही, नुसतं वय आहे, अशीही एक तक्रार. कोविन पूर्ण जन्मतारीख घालायची सोय करतं. तरी ब्रिटनला ज्यांचे दाखले चालतात त्या देशांच्या यादीत भारताचं नाव येत नाही. दोन्ही डोस घेतलेले तुम्ही ब्रिटनच्या लेखी लस न घेतलेले. जुलैत तर याहून गंमत झाली होती: सीरमच्या खेपेतली लस मिळालेल्या ब्रिटिश प्रवाशांनाच माल्टाला जाणाऱ्या विमानात चढू दिलं नव्हतं. लस एकच, खेप क्रमांक भारतातला. सीरमचे प्रमुख अदर पूनावाला यांनी परदेशात विलगीकरणाचा खर्च पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी १० कोटी रुपये बाजूला काढले, यातच सगळं आलं.

५ ऑक्टोबर. मुंबईचं टर्मिनल दोन. हातातल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद क्रमाने लावलेले: तीन दिवसांच्या आतला चाचणीचा अहवाल, ब्रिटनमध्ये राहण्याचा पत्ता भरलेला फॉर्म, दुसऱ्या आणि आठव्या दिवसाच्या चाचण्यांचं आगाऊ पैसे भरून केलेलं बुकिंग. काउंटरवरचा मुलगा फेसशील्डआडून एकेक कागद काढतो. अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला होतो, त्यामुळे सीमेवरचा खरा पहारेकरी आता तो आहे. बुकिंग क्रमांकाचं एकेक अक्षर तो पडद्याशी ताडून बघतो. तुमचा लशीचा दाखला तो उलटा करून बाजूला ठेवतो. त्याचं काम नाही. लंडनला पोचून तुम्ही दहा दिवस एका खोलीत काढायला सुरुवात करता.

आदल्याच दिवसापासून भारतानेही फिटंफाट केलेली असते: लस घेऊन येणाऱ्या ब्रिटिश नागरिकालाही दहा दिवसांचं विलगीकरण. मग चक्रं हलतात. ७ तारखेला ब्रिटनचे उच्चायुक्त जाहीर करतात की ११ ऑक्टोबरपासून कोविशिल्डचे दोन्ही डोस घेतलेल्यांना विलगीकरण नाही. १३ तारखेला भारतही आपला नियम मागे घेतो. त्या आठवड्यात लस बदलली नव्हती, विषाणू बदलला नव्हता, दाखलाही तोच होता. दोन सरकारांचं एकमेकांशी जमलं, एवढंच.

तीन मुक्काम झाले. तिन्ही ठिकाणी तुम्ही धडधाकट होता. १८९७ ला बोटीचा कागद मागितला, १९६७ ला शिक्का, २०२१ ला यादीतलं देशाचं नाव. माणूस आजारी आहे का, यापेक्षा त्याचा पत्ता आजारी आहे का, हेच दर वेळी पाहिलं गेलं. परक्या माणसाच्या तब्येतीची खात्री करून घेणं सीमेवरच्या कारकुनाला शक्य नसतं, म्हणून तो दुसऱ्या सरकारच्या सहीवर विसंबतो. दाखला असावा, यात वाद नाही. त्याच्याशिवाय बंदरं बंद ठेवावी लागतील, आणि ते १८९७ च्या यात्रेकरूंनी भोगलं आहे. चूक आहे ती कोणाची सही चालेल हे साथ पेटल्यावर ठरवण्यात. हा हिशेब शांततेच्या काळातच व्हायला हवा. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्त्यांमध्ये कागदी आणि डिजिटल अशा दोन्ही दाखल्यांची तरतूद आहे. तेवढी सुरुवात झाली.

सरकारांचं काम सरकारं करतील तेव्हा करतील. आपल्या हातातलं काम मात्र छोटं आहे. आधार आणि पासपोर्टवरचं नाव एकसारखं नसेल तर आत्ताच करून घ्या, लशींचे जुने दाखले छापून एका पाकिटात ठेवा, आणि ते पाकीट कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.