हे मैदान कोणाचं?

आमच्या गावाच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'टी' आहे, पण तो म्हणायचा नाही. म्हणायचं कासलबार. पहिले काही महिने मी तो 'टी' ठासून उच्चारायचे आणि बसचा ड्रायव्हर गालातल्या गालात हसायचा. आयर्लंडच्या पश्चिमेच्या मेयो काउंटीचं हे मुख्य गाव. वस्ती तेरा हजारांच्या आसपास. गिरगावात वाढलेल्या माणसाला हे गाव म्हणजे दोन-चार वाड्या आणि वर पाऊस!

नवऱ्याच्या नोकरीमुळे २००६ साली आम्ही इथे आलो. २००९च्या उन्हाळ्यात आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले. (इथे 'उन्हाळा' हा शब्द जरा जपूनच वापरायचा.) बाबांचा नेम ठरलेला. सकाळचा चहा झाला की कानटोपी घालून 'मॉल'ला चक्कर. मंडळी, हा मॉल म्हणजे आपला खरेदीचा मॉल नव्हे. गावाच्या मध्यावर हिरवळीचा एक मोठा तुकडा आहे, भोवती जुनी झाडं, बाक आणि चालायला वाट. त्याचं नाव 'द मॉल'. चौथ्या की पाचव्या दिवशी बाबा परत आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "तिथे एक आजोबा भेटले. म्हणाले, इथे पूर्वी लॉर्डसाहेब क्रिकेट खेळायचे. मग आता हे मैदान कोणाचं गं?"

बाबांच्या त्या प्रश्नाने मला इतिहास वाचायला लावलं. शाळेत इतिहासात काठावर पास होणारी मी!

तर हे लॉर्डसाहेब म्हणजे लुकनचे अर्ल, घराण्याचं नाव बिंगहॅम. कासलबारची आणि आसपासची हजारो एकर जमीन या घराण्याची. त्यातले तिसरे अर्ल १८५४च्या बालाक्लाव्हाच्या लढाईत ब्रिटिश घोडदळाचे प्रमुख होते. 'चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' म्हणून प्रसिद्ध झालेला तो आत्मघाती हल्ला यांच्याच हुकमाखाली झाला. मेयोतली माणसं मात्र त्यांना वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवतात. १८४५ नंतर बटाट्याचं पीक कुजलं, दुष्काळ पडला, आणि खंड थकलेल्या कुळांना या साहेबांनी घरांतून बाहेर काढलं, घरं पाडली. लोकांनी त्यांना 'संहारक' असंच नाव ठेवलं. १८४१च्या शिरगणतीत मेयोची लोकसंख्या होती सुमारे ३ लाख ८९ हजार. १८५१ साली ती सुमारे २ लाख ७४ हजारांवर आली. कोणी मेलं, कोणी बोटीत बसलं. आणि गावाच्या मध्यावर साहेबांच्या क्रिकेटची हिरवळ होती!

या मैदानाच्या कडेलाच इम्पीरियल हॉटेलची इमारत आहे. तेव्हा ते डेलींचं हॉटेल होतं. १६ ऑगस्ट १८७९ रोजी तिथे मेयोतल्या कुळांची सभा भरली आणि 'लँड लीग ऑफ मेयो'ची स्थापना झाली. पुढाकार होता मायकेल डेव्हिट यांचा. ते जवळच्याच स्ट्रेड गावचे. लहानपणी त्यांच्याच घरच्यांना जमिनीवरून हाकललं होतं, आणि पुढे इंग्लंडमधल्या कापडगिरणीत काम करताना अकराव्या वर्षी त्यांचा एक हात गेला. दोन महिन्यांत ही चळवळ देशभराची झाली. पुढच्याच वर्षी मेयोमध्येच कॅप्टन बॉयकॉट नावाच्या इस्टेट एजंटावर सगळ्या गावाने बहिष्कार टाकला. कापणीला माणूस नाही, दुकानात माल नाही. आपण मराठीतही 'बॉयकॉट' म्हणतो तो हाच! त्यानंतर एकेक जमीन कायदा होत गेला आणि कुळं जमिनीची मालक झाली. आपला कूळकायदा आठवला ना?

लुकन घराण्याचं शेपूट मात्र बराच काळ राहिलं. गावातल्या काही घरांखालच्या जागेचं भाडं या घराण्याला जात होतं. १९७४ साली सातवे अर्ल लंडनमध्ये मुलांच्या दाईचा खून झाल्यावर जे नाहीसे झाले ते पुन्हा कोणाला दिसलेच नाहीत. तेव्हा कासलबारच्या काही लोकांनी सांगून टाकलं, साहेब स्वतः येऊन मागतील तेव्हा भाडं देऊ! हा किस्सा इथे अजूनही रंगवून सांगतात.

आणि मॉल? तो गावाचा झाला. १७९८ साली फ्रेंच सैन्याच्या मदतीने इथे उठाव झाला होता. तेव्हा कॉनॉट प्रांताच्या औटघटकेच्या प्रजासत्ताकाचे अध्यक्ष झालेले जॉन मूर कैदेत वारले आणि दूर वॉटरफर्डकडे पुरले गेले. १९६१ साली त्यांच्या अस्थी आणून सन्मानाने याच मॉलवर पुरल्या. साहेबांच्या क्रिकेटच्या हिरवळीवर बंडखोर अध्यक्षाची समाधी! जागा तीच, पण तिचा अर्थ लोकांनी बदलून टाकला.

हे सगळं मी बाबांना जेवताना सांगत होते. ते म्हणाले, "आमच्याकडेही मैदानावरूनच भांडण झालं होतं. पण तिकडे इंग्रजांचे घोडे होते आणि आपलं क्रिकेट होतं." बाबा तरुणपणी कांगा लीग खेळलेले. पावसातल्या चिखलात आझाद मैदानावर बॅटिंग केलेला माणूस! त्यामुळे हा इतिहास त्यांना तोंडपाठ.

मुंबईचा किल्ला १८६२ नंतर, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, पाडला गेला. किल्ल्याबाहेरचं तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं ठेवलेलं एस्प्लनेड शहराच्या हाती आलं. आज आपण ज्याला ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान, कुपरेज म्हणतो ते त्याचेच तुकडे. म्हणजे मुंबईची मैदानं कोणी बाग म्हणून आखलेली नव्हती, ती लष्कराच्या गरजेतून उरलेली. तिथे पारशी आणि हिंदू मुलं क्रिकेट खेळत. पण युरोपियन साहेब तिथेच पोलो खेळत, आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची पार वाट लागे. १८८१ साली चारशेहून अधिक हिंदू-पारशी खेळाडूंनी सह्या करून गव्हर्नरकडे अर्ज केला. पोलो काही काळ हलला, मग परत आला. शापूरजी सोराबजी यांनी या भांडणाची हकिकत १८९७ साली पुस्तकात लिहून ठेवली. शेवटी सरकारने तोडगा काढला तो समुद्राकडे बोट दाखवून. चर्नी रोडच्या रेल्वेलगत किनाऱ्यावर जिमखान्यांना जागा दिल्या. पारशी, इस्लाम आणि १८९४चा हिंदू जिमखाना आज मरीन ड्राइव्हवर ओळीने दिसतात ते त्यामुळे.

त्याच बॅक बेमध्ये १९२०च्या दशकात गव्हर्नर लॉइड यांनी ११४५ एकर भर घालण्याची योजना आणली. खर्च हाताबाहेर गेला, निम्म्याहून कमी जमीन झाली, आणि खुर्शेद नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर मांडला. नियती बघा, पुढे आणखी भर घालून जी टोलेजंग इमारतींची वसाहत झाली तिलाच नाव मिळालं नरिमन पॉइंट!

कासलबार आणि मुंबई यांना जोडणारा एक माणूसही मला या वाचनात सापडला. पॅट्रिक गेडिस. मूळचे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ, पण शहरांचे वैद्य झाले. १९१४च्या उन्हाळ्यात डब्लिनच्या नागरी प्रदर्शनात ते होते, डब्लिनच्या नगररचनेच्या स्पर्धेचे परीक्षक होते. त्याच वर्षी ते हिंदुस्थानकडे निघाले. नकाशांचं त्यांचं प्रदर्शन ज्या बोटीत होतं ती जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवली. गेडिस थांबले नाहीत. नवीन सामग्री जमवली, मुंबई इलाख्यातल्या शहरांवर अहवाल लिहिले आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांचं म्हणणं साधं होतं. आधी निदान, मग उपचार. गल्लीबोळातून पायी हिंडा, माणसं कुठे बसतात, बायका पाणी कुठून आणतात, मुलं कुठे खेळतात ते बघा. सरळ रस्त्यासाठी घरं पाडण्याआधी दहादा विचार करा. लँडस्केप आर्किटेक्चर, पर्यावरण नियोजन असे भारदस्त शब्द आज आपण वापरतो, त्याचं मूळ या चालण्यात आहे असं मला वाटतं.

हे मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते गप्प झाले. नंतर म्हणाले, "आपल्या पटांगणाचं निदान कोणी केलं होतं का?"

आमच्या चाळीमागे एक पटांगण होतं. गणपती, तुळशीचं लग्न, हळदीकुंकू, आणि वर्षभर क्रिकेट. चाळ पाडून टॉवर करायचं ठरलं तेव्हा बाबा कमिटीत होते. बिल्डरने नकाशा आणला. त्यात पटांगणाच्या जागी छान हिरवा रंग होता. सगळ्यांनी सह्या केल्या. इमारत उभी राहिली, आणि हिरव्या रंगाच्या जागी मोटारी लागल्या. तक्रार करायला गेल्यावर कळलं की बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. "सही मीही केली होती," बाबा म्हणाले. "हिरवा रंग बघून केली. चुकलो." आमच्या घरात हे वाक्य त्याआधी कधी उच्चारलं गेलं नव्हतं. आईने उठून विनाकारण चहा टाकला.

बाबा २०१२ साली पुन्हा आले तेव्हा त्यांना मुद्दाम 'ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे'वर नेलं. कासलबारहून वेस्टपोर्ट अठरा किलोमीटर. तिथून समुद्राच्या कडेने अ‍ॅकिल बेटापर्यंत पूर्वी रेल्वे होती. १८९०च्या दशकात सुरू झाली आणि १९३७ साली बंद पडली. रूळ गेले, जमीन आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे गेली, गाईगुरं चरू लागली. त्या वाटेवर २०१० ते २०११ या काळात ४२ किलोमीटरचा चालण्याचा आणि सायकलचा मार्ग झाला. एका बाजूला क्लू बेचं पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मेंढ्या. मधूनमधून गुरांसाठी फाटकं.

बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "हे कोणाचं?" उत्तर ऐकून ते चकित झाले. बरीचशी वाट अजूनही शेतकऱ्यांचीच आहे! सक्तीने जमीन घेतली नाही. दीडशेहून अधिक जमीनमालकांनी आपल्या शेतातून लोकांना जाऊ देण्याची परवानगी दिली. लँड लीगच्या या काउंटीत जमिनीचा विषय किती हळवा! ज्यांच्या पूर्वजांनी बांधासाठी भांडणं केली, त्यांनी ओळखपाळख नसलेल्या सायकलवाल्यांसाठी फाटक उघडलं. अर्थात परवानगी म्हणजे हक्क नव्हे, दिलेली परवानगी काढूनही घेता येते. ही या पद्धतीची कमजोरी आहेच. पण इथे माणसांचा होकार आधी आला आणि नकाशावर हिरवी रेघ नंतर उमटली. आमच्या चाळीत नेमकं उलटं झालं होतं.

तेव्हा 'मैदान कोणाचं' याचं उत्तर सातबाऱ्यावर पूर्ण मिळत नाही, एवढं मला समजलंय. मोकळी जागा मोकळी राहते ती कोणीतरी दर पिढीत तिच्यासाठी उभं राहतं म्हणून. ओव्हल मैदानाची १९९०च्या दशकात पार दुर्दशा झाली होती. आजूबाजूचे रहिवासी कोर्टात गेले, मैदान सांभाळायला घेतलं, आणि २०१८ साली ते मैदान भोवतालच्या इमारतींसह युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. कोणी वेळेवर उठलं म्हणून झालं.

बाबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, इथे येणं होत नाही. फोनवर मुंबईच्या बातम्या देतात. मार्च २०२४ मध्ये कोस्टल रोडचा पहिला भाग सुरू झाला तेव्हा माझा भाचा त्यांना मोटारीतून फिरवून आला. मी विचारलं, "कसा वाटला?" म्हणाले, "रस्ता झकास आहे. पण बाजूला भर घातलीय ना, तिथे बागा होणार म्हणतात. नकाशात हिरवा रंग आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "या वेळी मी नकाशावर विसंबून राहणार नाही. सोसायटीतल्या पोरांना सांगितलंय, महिन्यातून एकदा जाऊन बघून या आणि मला कळवा."

मंडळी, या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन बसाल तेव्हा मुलांना एक प्रश्न विचारा. तुम्ही राहता त्या गावातलं तुमचं आवडतं मैदान, तळ्याकाठची वाट, समुद्राची चौपाटी कोणाची आहे? आणि ती आपल्याला कोणी मिळवून दिली? आमच्या घरी उत्तर शोधायला सतरा वर्षं लागली. तुमचं लवकर सापडो.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!