जुन्या डिझेल रेलकारचे जतन : ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या गाड्यांचा वारसा

डिझेल इंजिन आणि प्रवासी कक्ष एकाच डब्यात सामावलेल्या, स्वयंचलित रेल्वेवाहनास रेलकार असे म्हणतात. ब्रिटनमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वे या कंपनीने अशा गाड्यांचा पहिला मोठा ताफा उभारला. त्यांपैकी केवळ तीन गाड्या आज शिल्लक आहेत. वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत या गाड्यांच्या वाट्याला प्रसिद्धी कमी आली असली, तरी त्यांची निगा राखणे हे अधिक सोपे काम मुळीच नाही.

पार्श्वभूमी

कमी प्रवासी असलेल्या मार्गांवर वाफेचे इंजिन आणि डबे चालविणे खर्चाचे ठरत असल्याने कंपनीने हा पर्याय स्वीकारला. लंडनजवळील साउथॉल येथील एईसी या बस व मालमोटारी बनविणाऱ्या कारखान्याची यंत्रसामग्री त्यासाठी वापरण्यात आली. पहिली रेलकार डिसेंबर १९३३ मध्ये सेवेत दाखल झाली. १३० अश्वशक्तीच्या एका इंजिनावर चालणाऱ्या या गाडीत ६९ आसने होती. तिच्या गोलाकार, निमुळत्या बांध्यामुळे लोकांनी तिला ‘उडते केळे’ असे नाव दिले. १९३४ मध्ये दोन इंजिनांच्या आणि उपाहारकक्ष असलेल्या गाड्या बर्मिंगहॅम ते कार्डिफ या मार्गावर जलद सेवा देऊ लागल्या. एकूण ३८ गाड्या बांधण्यात आल्या. १९६२ पर्यंत त्या सर्व सेवेतून निवृत्त झाल्या; मात्र त्यांच्या अनुभवाचा उपयोग ब्रिटिश रेल्वेला १९५० च्या दशकात डिझेल गाड्यांच्या नव्या पिढीसाठी झाला.

उर्वरित तीन गाड्या

क्रमांक ४ ची गाडी ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहाचा भाग असून ती प्रदर्शनासाठी जतन करण्यात आली आहे. क्रमांक २० ही गाडी केंट अँड ईस्ट ससेक्स रेल्वेच्या जतनकार्यातील स्वयंसेवकांनी १९६६ मध्ये मिळविली. पुढे तिच्या पुनर्बांधणीचे काम अनेक दशके चालत राहिले. क्रमांक २२ ची गाडी डिडकॉट येथील ग्रेट वेस्टर्न सोसायटीकडे असून तेथील रुळांवर तिने प्रवाशांना सफर घडविली आहे.

देखभालीचे स्वरूप

डिझेल रेलकारला दीर्घकाळ उभे राहणे चालण्यापेक्षा अधिक हानिकारक ठरू शकते. उभ्या गाडीत शीतकरणाचे पाणी राहिल्यास हिवाळ्यात ते गोठून इंजिनाच्या ठोकळ्याला तडा जाण्याचा धोका असतो. म्हणून ते काढून टाकावे लागते किंवा त्यात गोठणरोधक द्रव मिसळावा लागतो. बॅटऱ्या नियमित भाराव्या लागतात आणि इंधनटाकीत साचणारे पाणी वेळोवेळी काढावे लागते. बराच काळ बंद असलेले इंजिन सुरू करण्यापूर्वी ते हाताने फिरवून पाहण्याची खबरदारी घेतली जाते.

इंजिनाची शक्ती तेलावर चालणाऱ्या द्रव-जोडणीतून गिअरबॉक्सकडे आणि तेथून लांब दांड्याद्वारे चाकांच्या आसापर्यंत पोहोचते. या साखळीतील एखादे तेलरोधक कडे झिजले तरी गाडी थांबते. बंद गाडी दुसऱ्या इंजिनाने ओढून नेताना चाकांचा गिअरबॉक्सशी असलेला संबंध तोडणे आवश्यक असते. अन्यथा वंगणाविना फिरणारे भाग निकामी होतात. व्हॅक्यूम ब्रेक, चाकांची झीज आणि आसांतील अदृश्य भेगा यांची तपासणी प्रवासी सुरक्षिततेच्या दृष्टीने अनिवार्य असते.

बांधणीतील समस्या वेगळ्या आहेत. सांगाड्यात लाकूड असल्यास छताच्या गळतीने ते आतून कुजते आणि बाहेरचा पत्रा काढल्याशिवाय नुकसानीचा अंदाज येत नाही. १९५० च्या दशकातील अनेक गाड्यांत उष्णतारोधक म्हणून ॲस्बेस्टॉस वापरण्यात आले होते. ते काढण्याचे काम प्रशिक्षित पथकाकडूनच करून घ्यावे लागते व त्यावर मोठा खर्च होतो.

चालवावी की जपावी?

मूळ इंजिनांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. यंत्रणा बस व मालमोटारींच्या कुळातील असल्याने जुन्या बसगाड्यांच्या संग्राहकांकडून काही भाग मिळतात, उरलेले नव्याने घडवावे लागतात. प्रत्येक फेरीत मूळ भाग झिजतात आणि बदललेल्या प्रत्येक भागाबरोबर गाडीचे ऐतिहासिक मूल्य थोडे कमी होते. दुसरीकडे, कायम उभ्या ठेवलेल्या गाडीबरोबर ती चालविण्याचे व दुरुस्त करण्याचे कसबही लोप पावते. म्हणून काढलेल्या भागांची नोंद, छायाचित्रे व मोजमापे ठेवणे हा जतनकार्याचा महत्त्वाचा भाग मानला जातो.

भारतातील उदाहरण

भारतात कालका-सिमला या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या डोंगरी मार्गावरील रेलमोटार हे याच परंपरेतील वाहन होय. प्रारंभी पेट्रोलवर चालणाऱ्या या वाहनांना पुढे डिझेल इंजिने बसविण्यात आली. २००८ मध्ये या मार्गाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. इंजिन बदलूनही वाहनाची ओळख कायम राहू शकते, हे या उदाहरणातून दिसून येते. कोणता बदल स्वीकारायचा आणि कोणता टाळायचा, याचा निर्णय मात्र प्रत्येक गाडीबाबत स्वतंत्रपणेच घ्यावा लागतो.